न उठणारा अडत्या

रेखा सिस्टरने ईश्वरीच्या कपाळावर, डाव्या भुवईच्या वर, चिकटपट्टी लावली. पट्टीवर पेनाने बाण काढलेला होता. आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात ही पद्धत आहे. ज्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच्या वर पट्टी, म्हणजे टेबलावर डाव्या-उजव्याचा घोळ नको. ईश्वरी चार वर्षांची. तिने ती पट्टी एका झटक्यात ओढून काढली आणि माझ्या ॲप्रनला चिकटवून दिली.

मी ती सोडवायला गेले तर पट्टीच्या कडेला कपाळालगतचे सात-आठ बारीक केस चिकटलेले दिसले. तुटलेले नव्हते, मुळापासून निघाले होते.

मोठ्या माणसाच्या केसांवरून कोणी अशी पट्टी ओढली तर त्याला आई आठवते. ही पोर हसत होती.

मी भूलतज्ज्ञ आहे. लातूरमध्ये स्वतःचा दवाखाना नसलेल्या थोड्या डॉक्टरांपैकी एक. सकाळी डोळ्यांचा दवाखाना, दुपारी हाडांचा, मध्येच कुठे सिझेरियन असेल तर तिकडे. स्कूटर आणि बॅग एवढाच संसार. आमचं निम्मं काम ऑपरेशनच्या आदल्या दिवशी होतं. त्याला पीएसी म्हणतात. पेशंटला भूल झेपेल का, हे तपासायचं. झेपणार असेल तर कागदावर ‘फिट’ लिहून सही करायची.

ईश्वरीच्या कागदावर ‘फिट’ होतं. सही माझी होती.

आदल्या दिवशी लिस्ट मोठी होती. ईश्वरीने स्टेथोस्कोप बघून जो सूर लावला तो मी खाली उतरेपर्यंत ऐकू येत होता. रडणाऱ्या मुलाच्या छातीतलं नीट ऐकू येत नाही. मूल शांत होईपर्यंत थांबायचं असतं. मी थांबले नाही. खरं सांगायचं तर मी ऐकल्यासारखं केलं. तिची एक पापणी खाली लोंबत होती, बाहुली झाकत होती. ती शस्त्रक्रियेने वर उचलायची होती. डोक्याचं टक्कल केलेलं. आपल्याकडे टक्कल केलेलं लेकरू दिसलं की कोणी काही विचारत नाही. जावळ झालं असेल, नवस असेल, उवा झाल्या असतील. मीही विचारलं नाही. वजन अकरा किलो लिहिलं आणि त्यावरून औषधाचे डोस काढून ठेवले. चार वर्षांच्या मुलीचं वजन अकरा किलो का, हा प्रश्न मला पडला नाही. वेगवेगळ्या दवाखान्यांत धावून धावून डोकं असं फॉर्म भरल्यासारखं चालायला लागतं.

आता मात्र ती पट्टी माझ्या हातात होती.

तिच्या आईला, भाग्यश्रीला, मी विचारलं, “टक्कल कधी केलं हिचं?”

“दिवाळीच्या आदी, मॅडम.”

संक्रांत होऊन गेली होती. म्हणजे तीन महिने. तीन महिन्यांत मुलीचे केस बोटाच्या दोन पेरांएवढे तरी यायला हवेत. हिचे जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढे होते, तेही विरळ.

“केस येतच न्हाईत बघा,” भाग्यश्री म्हणाली. “आले की विंचरताना हातात येतात. सासूबाई म्हणल्या, टक्कल करत ऱ्हा, दाट येतील. म्हणून दर दोन-तीन महिन्याला करतो.”

“केस निघताना रडत नाही?”

“न्हाई. तिला कळत पण न्हाई.”

नांदेडला शिकत असताना आमचे एक सर होते. ते म्हणायचे, पापण्या लोंबणाऱ्या, उंचीने खुरटलेल्या, कान खाली उतरलेल्या आणि केस विचित्र असलेल्या मुलाला भूल द्यायच्या आधी त्याच्या हृदयाची चौकशी करा, कारण या चार गोष्टी एकत्र सहसा उगीच येत नाहीत. परीक्षेत मी हे लिहून मार्क मिळवले होते. ईश्वरीची पापणी, उंची आणि कान समोरच होते; पण टक्कल करून करून घरच्यांनी चौथी गोष्ट दर वेळी पुसून टाकली होती, आणि तिच्याकडे बघितलेल्या आम्हा सगळ्या डॉक्टरांना ते नुकतंच झालेलं जावळ वाटलं होतं.

मी फोनवर कोंबडीचं कार्टून लावून ईश्वरीच्या हातात दिला. तिच्या घरी थोडं कानडी बोलतात. ती आईला “अव्वा, कोळी! कोळी!” करून कोंबडी दाखवायला लागली. तोवर मी स्टेथोस्कोप तळहातावर गरम करून तिच्या छातीला लावला आणि पूर्ण दोन मिनिटं ऐकलं. प्रत्येक ठोक्याच्या मध्ये घासल्यासारखा एक आवाज होता. बारीक होता, पण होता. कालही असणारच.

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, डॉक्टर जाधव हात धुवून तयार होते. ते आमचे सर्जन. माणूस चांगला, पण लिस्ट अडली की त्यांचा पारा चढतो.

“सर, ईश्वरीची केस आज घेता येणार नाही. आधी इको करावा लागेल.”

इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.

“काल तुम्हीच फिट दिलंय ना मॅडम?”

“दिलंय. चुकलं माझं.”

ते म्हणाले, “ती पापणी बाहुली झाकतेय. जितके दिवस जातील तितका तो डोळा बघायचं विसरणार. नंतर पापणी उचलली तरी नजर येणार नाही. हे तुम्हाला माहितीय.”

“माहितीय.”

“नुसता आवाज आहे. निम्म्या मुलांना असतो.”

हेही खरं होतं. बऱ्याच निरोगी मुलांच्या हृदयात असा आवाज येतो आणि तो निरुपद्रवी असतो. मी चुकीच्या कारणासाठी थांबवत असेन तर एका मुलीचा डोळा जाईल. आणि थांबवलं नाही तर काय जाईल, याचा विचार करायला मला धीर होत नव्हता.

“मी नाही देणार भूल,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

आता बाहेर सांगायचं होतं. ईश्वरीचे वडील बसवराज ओटीच्या दाराशी उभे होते. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांची अडत आहे. सिस्टरने लेकीच्या गळ्यातलं इष्टलिंग काढून त्यांच्याकडे दिलं होतं. ते मुठीत धरून ते उभे होते.

मी म्हटलं, “तपासणीत नवीन काही आढळलंय. आज ऑपरेशन होणार नाही.”

माझी चूक झाली, असं सर्जनला म्हणताना जीभ वळली होती. इथे वळली नाही. ‘नवीन काही आढळलंय’ हे वाक्य आम्हा डॉक्टरांना फार सोयीचं असतं.

“काल तुमीच फिट म्हणलात,” बसवराज म्हणाले. “आज अनफिट म्हणून राहिलात. आमी कोणचं खरं धरायचं? लेकरू पहाटपासून उपाशी हाय.”

“आजचं धरा,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

लहान मुलांच्या हृदयाचे डॉक्टर शेख यांचं क्लिनिक दोन चौक पलीकडे. त्यांना फोन केला, ते म्हणाले, लगेच पाठवा. मी हाडांच्या दवाखान्याला उशीर होणार म्हणून कळवलं आणि स्वतःच बरोबर गेले. ईश्वरीला आधी दूध-बिस्किट दिलं.

क्लिनिकमध्ये अर्धा तास थांबावं लागलं. इको करताना मूल हललं तर चालत नाही, म्हणून झोपेचं सौम्य औषध पाजून वाट बघत होतो. बसवराज बाहेर जिन्यावर जाऊन उभे राहिले. तेव्हा भाग्यश्री हळू आवाजात बोलायला लागली. ईश्वरीचं जावळ वर्षाच्या आत करायचं ठरलं होतं. मामाने मांडीवर घ्यायचं, आत्याने केस पदरात झेलायचे. मामा, म्हणजे तिचा भाऊ मल्लिनाथ, हैदराबादला कंपनीत. दोनदा रजा मिळाली नाही. शेवटी पोर दीड वर्षाची झाल्यावर तो आला. न्हावी वस्तरा घेऊन बसला आणि म्हणाला, “अहो, काय काढू? काढायला काय हायच काय?”

“तवा सासूबाई सगळ्यांदेखत बोलल्या, मामानं येळेवर मांडीवर घेतलं न्हाई, म्हणून लेकराचे केस गेले. भाऊ तसाच उठून गेला. तवापासून आला न्हाई. हे पण त्याच्याशी बोलत न्हाईत.”

माझं लक्ष दाराकडे होतं. मनात मी पापभीरू बाईसारखी देवाशी सौदेबाजी करत होते. इको नॉर्मल निघू दे, मग जाधवांची बोलणी खाईन. पुढच्या क्षणी वाटायचं, नॉर्मल निघाला तर तोंड काय दाखवू? मग स्वतःचीच लाज वाटली. मुलीचं हृदय चांगलं निघावं की आपला शब्द खरा ठरावा, यात माझं मन डगमगत होतं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसं झालं होतं.

डॉक्टर शेख यांनी बराच वेळ तपासलं. मग मला आत बोलावलं.

“मॅडम, भूल कशाने देणार होता?”

“नेहमीचाच गॅस. मास्कने.”

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमध्ये एक भिंत असते. ईश्वरीची ती भिंत दुप्पट जाड होती. त्यामुळे रक्त बाहेर पडायची वाट अरुंद झाली होती. एरवी मुलगी खेळते, हसते, काही कळत नाही. पण नेहमीच्या गॅसने रक्तदाब उतरतो. रक्तदाब उतरला आणि ठोके वाढले की ती अरुंद वाट पूर्णच मिटू शकते. डोळ्यांच्या त्या ओटीत अशा वेळी धावायला मी आणि रेखा सिस्टर, दोघीच होतो.

मी खुर्चीवर बसले. क्लिनिकमधल्या सिस्टरने पाणी आणलं.

पुढचं काम शांतपणे झालं. हृदयाला आवर घालणारं औषध सुरू झालं. डॉक्टर जाधवांना मी रिपोर्ट दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि “बसा मॅडम” म्हणाले, एवढंच. डोळा वाचवायला त्यांनी दुसरा मार्ग काढला. चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, म्हणजे लोंबत्या पापणीखालच्या डोळ्याला मान वर करून का होईना, बघावं लागेल. रक्ताचा नमुना जीन तपासणीला बाहेरगावी गेला. आई-वडिलांचाही घेतला.

रिपोर्ट एप्रिलमध्ये आला. त्यात एका प्रथिनाचं नाव होतं, शॉक-टू. मी ते आयुष्यात ऐकलं नव्हतं. चार दिवस वाचत बसले. डॉक्टर शेख म्हणाले, समजावून तुम्हीच सांगा, तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे. ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं.

बसवराज आणि भाग्यश्री माझ्या घरी आले. मी कागदावर गोल काढला.

“ही शरीरातली एक पेशी. बाहेरून तिला निरोप येतो, वाढ म्हणून. तो निरोप आत पोचवायला प्रथिनं असतात, एकाकडून दुसऱ्याकडे. शॉक-टू हे त्यातलंच, पण ते स्वतः निरोप देत नाही की घेत नाही. ते फक्त दोघा-तिघांना एका जागी आणून धरतं. एकत्र आले की त्यातला एक जण दुसऱ्याचं कुलूप काढतो आणि निरोप पुढे जातो. हे आपल्या सगळ्यांच्या अंगात असतं.”

बसवराज कागदाकडे बघत होते. “म्हंजे आमच्यासारखा अडत्या,” ते म्हणाले. “शेतकरी अन् व्यापारी समोर आणायचे. माल आपला न्हाई, खरेदी आपली न्हाई.”

इतकं नेमकं मला चार दिवसांत सुचलं नव्हतं.

“अगदी तसंच. पण सौदा झाल्यावर तुम्ही काय करता?”

“उठतो की. दुसऱ्या ढिगाकडं जातो. तिथंच बसून राहिलो तर त्योच सौदा परत परत हुईल.”

“ईश्वरीचा अडत्या उठत नाही. त्याच्या रचनेत एकच अक्षर बदललंय. त्यामुळे त्याला चरबीची एक शेपटी चिकटते आणि तो पेशीच्या भिंतीला चिकटून बसतो. निरोप वेळेवर थांबत नाही. ती पोटात असताना हृदयाची भिंत, पापणी, केसांची मुळं घडत होती, तिथे तिथे या निरोपाचा हिशेब चुकला. केसांची मुळं नीट धरत नाहीत, म्हणून ते दुखल्याशिवाय निघतात. सगळं असंच का होतं, हे अजून पूर्ण कोणालाच कळलेलं नाही.”

“कुणाकडून आलं हे?” बसवराजांनी विचारलं. बायकोकडे न बघता विचारलं.

“दोघांकडूनही नाही. तुमच्या दोघांच्या रक्तात ते अक्षर बरोबर आहे. गर्भ तयार होतानाच ते आपोआप बदललं. कोणी काही खाल्लं, केलं, केलं नाही, त्याचा संबंध नाही.”

“म्हंजे चूक कुणाचीच न्हाई.”

“नाही.”

भाग्यश्रीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि विचारलं, “टक्कल केल्यानं पण न्हाई?”

“टक्कल केल्याने काय?”

“हृदयाचं. त्या दिवशी तुमी टक्कल कधी केलं म्हणून विचारलात अन् लगेच ऑपरेशन थांबवलात. मला वाटलं, घडी घडी वस्तरा लावला, त्याचा धक्का आत बसला. मीच धरून बसायचे तिला.”

जानेवारीपासून ही बाई हे घेऊन जगत होती. रोज लेकीला औषध पाजताना तिला आपण लेकीचं डोकं गुडघ्यात धरल्याचं आठवत होतं. आणि मी तिला फक्त ‘नवीन काही आढळलंय’ एवढं सांगून मोकळी झाले होते.

“नवीन काही आढळलं नव्हतं,” मी म्हटलं. “आवाज आदल्या दिवशीही होता. मी घाईत नीट ऐकलं नाही आणि फिट लिहिलं. तिने पट्टी ओढली नसती तर मी तिला भूल दिली असती. टक्कल करण्यात तुमची काही चूक नाही. चूक होती ती माझी होती.”

बसवराजांनी गोल काढलेला कागद बाजूला सरकवला. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या.

“आमच्याकडं वजनात चूक झाली,” ते म्हणाले, “तर ढीग उचलायच्या आदी शेतकऱ्याला सांगतो. नंतर सांगितलं तर त्यो माणूस परत दारात येत न्हाई. तुमी लई उशिरा सांगितलात, मॅडम.”

“हो.”

“पण सांगितलात.” मग बायकोकडे वळून, खाली मान घालून म्हणाले, “मल्लिनाथला आता कोणत्या तोंडानं फोन करू?”

“मी लावून देते,” भाग्यश्री म्हणाली. तिने तिथेच फोन लावला आणि नवऱ्याच्या हातात दिला. ते बोलत बोलत माझ्या अंगणात गेले. लांबून फक्त “हाव… हाव… तसं न्हाई रे…” एवढं ऐकू येत होतं. आत भाग्यश्री पदराने डोळे पुसत होती आणि मीही चष्मा पुसत होते.

जुलैमध्ये डॉक्टर शेख यांनी परवानगी दिली. ऑपरेशन या वेळी लहान मुलांचा आयसीयू असलेल्या दवाखान्यात ठेवलं. भूल मीच द्यावी असं बसवराज म्हणाले. मी तीनदा विचारलं, ते तीनदा हो म्हणाले. आदल्या संध्याकाळी मी अर्धा तास तिच्याशी भातुकली खेळले, मग तपासलं. या मुलीला रडू द्यायचं नव्हतं, रडलं की ठोके वाढतात. फार वेळ उपाशी ठेवायचं नव्हतं. सलाईन आधीपासून, रक्तदाब उतरवणारा गॅस नाही, शेख माझ्या शेजारी उभे. ती भाग्यश्रीच्या कुशीतच झोपली.

डॉक्टर जाधवांनी पापणी उचलायला घेतली आणि विसाव्या मिनिटाला रक्तदाब खाली यायला लागला. नव्वद, ब्याऐंशी, चौऱ्याहत्तर. सलाईन वाढवलं, रक्तदाब चढवायचं औषध आधीच भरून ठेवलेलं होतं, ते थोडंसं दिलं. शेख स्क्रीनवर, मी स्क्रीनवर, जाधव हात वर धरून थांबलेले. शहात्तर. ऐंशी. अठ्ठ्याऐंशी. मी मान हलवली. जाधवांनी पुढचा टाका घेतला.

पाऊण तासाने ती जागी झाली आणि पहिल्यांदा कोंबडीचं कार्टून मागितलं. बाहेर भाग्यश्री, बसवराज आणि हैदराबादहून आलेला मल्लिनाथ एकाच बाकावर बसले होते. बसवराजांनी मला हात जोडले. मी त्यांना आत जायला सांगितलं.

ईश्वरीचा डोळा आता बऱ्यापैकी बघतो. औषध चालू आहे, दर सहा महिन्यांनी इको. केस तसेच आहेत. टक्कल करणं त्यांनी बंद केलंय.

माझ्या कामात एक बदल झाला. ऑपरेशन रद्द करायचं असेल तर मी कारण आधी आईला सांगते, सगळंच्या सगळं, त्यात माझं चुकलेलं असेल तर तेही. सर्जनला नंतर. सर्जन चिडतात. सर्जनचा राग दुपारच्या जेवणापर्यंत टिकतो. आईच्या मनातली शंका मी तीन महिने टिकलेली पाहिली आहे.